लिथियम विद्युद्घटाची जन्मकथा

व्होल्टानें १८०० सालीं पहिला विद्युद्घट रचला आणि १८५९ मध्यें प्लाँटे यानें शिशाचा, पुनःपुन्हां भारतां येणारा घट सिद्ध केला. तो आजही मोटारगाड्यांत इमानानें चाकरी बजावीत आहे. पण त्याचें ओझें जो उचलील तोच जाणे! वाचकांच्या खिशांतील टेलिफोनांत जी बॅटरी असते, तिला हलका धातुच हवा होता.

असा धातु म्हणजे लिथियम. १८१७ सालीं स्टॉकहोम येथें आर्फ्वेडसन यानें तें एका खनिजांत हुडकून काढलें. पाषाणांत सांपडलें म्हणून ग्रीक भाषेंतील ‘दगड’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचें नांव पडलें. वस्तुतः याहून हलका धातु नाहीं, तो पाण्यावरही तरंगतो! आपला इलेक्ट्रॉन टाकून देण्यास तो सदैव उतावीळ असतो. हा उतावीळपणाच घटास बळ देतो आणि तोच त्याचा घातही करतो.

१९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील एक्सॉन या तेल कंपनीच्या प्रयोगशाळेंत स्टॅन्ले व्हिटिंगहॅम यांनीं एका ध्रुवास धातुरूप लिथियम व दुसऱ्यास टायटॅनियम डायसल्फाइड योजून दोन व्होल्टांहून अधिक दाबाचा घट बनविला. डायसल्फाइडचे थर चवडीनें रचलेल्या पत्रावळींसारखे असतात; त्यांच्या फटींत लिथियमचे आयन शिरतात व परत निघतात. कल्पना सुरेख खरी, परंतु घट वरचेवर भारला म्हणजे धातूवर सुईसारखे अंकुर फुटत, ते पलीकडच्या ध्रुवास भिडत आणि आग लागे. बंबवाले इतक्या वेळां धांवून आले, कीं लिथियमची आग विझविण्याच्या खास रसायनांचा खर्च वसूल करण्याची धमकी अखेर त्यांनीं दिली!

१९८० मध्यें ऑक्सफर्ड येथें जॉन गुडइनफ व त्यांचे सहकारी यांनीं सल्फाइडच्या जागीं कोबाल्टचें ऑक्साइड घालून दाब चार व्होल्टांपर्यंत नेला. विद्यापीठानें पेटंट घेण्याचें नाकारलें, हक्क एका सरकारी संशोधनसंस्थेकडे गेले, आणि पुढच्या अफाट व्यापारांतील वांटा गुडइनफ यांच्या पदरीं पडला नाहीं.

मला स्वतःला खरी युक्ति वाटते ती जपानच्या अकिरा योशिनो यांची. १९८५ मध्यें त्यांनीं धातुरूप लिथियमच वर्ज्य केलें. एका बाजूस गुडइनफ यांचें ऑक्साइड, दुसऱ्या बाजूस पेट्रोलियमचा कोक. आयनांनीं तेवढी या घरांतून त्या घरांत ये-जा करावयाची. थोडी शक्ति सोडली आणि पुष्कळ निर्धास्तपणा मिळविला. या घटावर त्यांनीं लोखंडाचा जड तुकडा टाकून पाहिला, तों कांहींच झालें नाहीं. धातुरूप लिथियमच्या घटावर टाकतांच मात्र भडका उडाला. १९९१ मध्यें सोनी कंपनीनें असा घट बाजारांत आणला. या तिघांस नोबेल पारितोषिक मिळालें तें २०१९ मध्यें. गुडइनफ त्या वेळीं ९७ वर्षांचे होते.

कोबाल्ट महाग, म्हणून १९९७ मध्यें गुडइनफ यांच्याच टेक्सस येथील प्रयोगशाळेंतून लोहाचें फॉस्फेट पुढें आलें. त्या निबंधावर त्यांच्या नांवाआधीं पाढी व नंजुंडस्वामी हीं दोन भारतीय नांवें आहेत. आतां संशोधकांची दृष्टि पुन्हां त्या टाकून दिलेल्या धातूकडेच वळली आहे. ध्रुवांमधील ज्वालाग्राही द्रवाऐवजीं घन पदार्थ घातला, तर त्या सुया अडतील अशी त्यांची आशा. पण सूक्ष्म भेगांतून त्या तेथेंही वाट काढतात, असें प्रयोगांत दिसून आलें आहे.