विकले जाते ते घर की भाग दाखला? मुंबईच्या सोसायट्यांची शंभर वर्षे

१/ अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील जुन्या सोसायटीतली सदनिका विकली जाते, तेव्हा करारनाम्याबरोबर आणखी एक कागद खरेदीदाराच्या हाती येतो. तो म्हणजे भाग दाखला, बोलीभाषेत शेअर सर्टिफिकेट. त्यावर बहुधा पन्नास रुपयांचे पाच किंवा दहा भाग नोंदलेले असतात. सदनिकेची किंमत कोटीच्या घरात, दाखल्याची अडीचशे वा पाचशे रुपये! तरीही त्यावर नव्या सभासदाचे नाव चढेपर्यंत खरेदीदाराचा जीव भांड्यात पडत नाही. असे का?

२/ या कागदाचे मूळ सहकारी चळवळीत आहे. १९०१ मध्ये लंडनच्या पश्चिमेस ईलिंग येथे 'ईलिंग टेनंट्स लिमिटेड' ही संस्था स्थापन झाली. घरे संस्थेच्या मालकीची. राहणारा मात्र एकाच वेळी संस्थेचा भागधारक आणि तिचाच भाडेकरू. मुंबईत १९१५ मध्ये रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, ती याच तत्त्वावर. या 'भाडेकरू सहभागीदारी' पद्धतीची ती आशियातील पहिली संस्था मानली जाते.

३/ १९१८ मध्ये वांद्र्याला साल्सेट कॅथलिक गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिथे पद्धत निराळी होती : जमीन संस्थेची, तीवरील घर सभासदाचे. हिला 'भाडेकरू मालकी' म्हणतात. दोन्ही संस्थांत एक गोष्ट समान होती. शेजारी कोण असावा, हे समाज आपसांत ठरवीत असे. घर हा राहण्याचा हक्क होता. बाजारात मांडण्याची वस्तू नव्हे.

४/ चित्र पालटले ते स्वातंत्र्यानंतर. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाड्याच्या चाळी बांधणे आतबट्ट्याचे ठरू लागले. फाळणीमुळे निर्वासितांचे लोंढे आले. १९५० मध्ये अंधेरी-घाटकोपर आणि १९५७ मध्ये बोरिवली-मुलुंड महापालिकेच्या हद्दीत आले. बिल्डर इमारत बांधून सदनिका विकू लागले. १९६३ च्या मालकी सदनिका कायद्याने, म्हणजेच 'मोफा'ने, सदनिकाधारकांची संस्था स्थापण्याची जबाबदारी बिल्डरवर टाकली. सहकाराचा साचा जुनाच राहिला. आत बाजार शिरला.

५/ मग पेच उभा राहिला : सभासदाकडे नेमके असते तरी काय? सहकारी संस्थेतील सभासदाच्या भागांवर जप्ती आणता येत नाही, असे १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा सांगतो. मग कर्ज बुडवणाऱ्याची सदनिका तरी जप्त कशी करणार? १९७५ मध्ये मुंबईतील एका भाडेकरू सहभागीदारी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, सदनिकेत राहण्याचा हक्क हीच मालमत्ता आहे. ती जप्त करता येते आणि विकताही येते. अडीचशे रुपयांच्या कागदामागचे मोल न्यायालयाने असे मान्य केले.

६/ घर विकता येते, पण कोणाला? १९६० च्या कायद्याने भाग हस्तांतरित करण्यापूर्वी ते किमान एक वर्ष धारण केलेले असावेत आणि घेणाऱ्याला संस्थेने सभासद म्हणून स्वीकारलेले असावे, अशा अटी घातल्या. या दुसऱ्या अटीने व्यवस्थापक समितीच्या हाती किल्ली आली. 'देणगी'च्या नावाखाली मोठ्या रकमा मागितल्या जाऊ लागल्या. अखेर ९ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने महापालिका क्षेत्रात हस्तांतरण अधिमूल्याची कमाल मर्यादा २५,००० रुपये ठरवली.

७/ पैशापेक्षा अवघड प्रश्न माणसांचा होता. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा उपविधी वैध ठरवला. संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्यात आपले सोबती निवडणेही येते, असा त्यामागील विचार. परंतु हेच स्वातंत्र्य दाराबाहेर उभ्या माणसाला नकार होऊन भेटते. समान अडचणीतल्या माणसांनी एकत्र येऊन घरे उभारावीत, म्हणून जन्मलेली व्यवस्था कोणाला आत घ्यायचे नाही हे ठरवू लागली, तर तिच्यातला सहकार किती उरला?

८/ महाराष्ट्राचा कायदा येथे खरेदीदाराच्या बाजूने काहीसा झुकतो. पुरेशा कारणाविना सभासदत्व नाकारता येत नाही, असे १९६० च्या कायद्यानेच बजावले होते. तीन महिन्यांत निर्णय न कळवल्यास अर्जदार सभासद झाल्याचे मानण्याची तरतूदही त्यात आली. आदर्श उपविधींनुसार हस्तांतरणासाठी संस्थेचा ना-हरकत दाखला बंधनकारक नाही. व्यवहारात मात्र कर्ज देणारी बँक तोच मागते, आणि विक्रेता पुन्हा सचिवाच्या दारात उभा राहतो.

९/ म्हणून उपनगरातला विक्रेता दोन गोष्टी एकदम विकतो : चार भिंतींत राहण्याचा हक्क आणि एका संस्थेतले स्थान. पहिल्याची किंमत बाजार ठरवतो. दुसरे कोणाला मिळावे, हा १९१५ पासूनचा वाद मात्र प्रत्येक हस्तांतरण अर्जाबरोबर समितीच्या टेबलावर नव्याने येतो.