शेकरू
शेकरू : सस्तन वर्गातील कृंतक गणाच्या खार कुलातील वृक्षवासी प्राणी. शास्त्रीय नाव रॅट्युफा इंडिका. हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे.

जर्मन निसर्गवैज्ञानिक एर्क्सलेबेन यांनी १७७७ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३१ मध्ये पश्चिम घाटातील शेकरू स्वतंत्र जात म्हणून वर्णिले व त्यास मुंबईचे माजी गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे नाव दिले. पुढे त्याची गणना उपजातीत होऊ लागली.

शेकरू दिनचर असून बहुधा एकटे राहते. वजन दीड ते दोन किग्रॅ. असून झुपकेदार शेपूट धडाहून लांब असते. एका झाडावरून दुसऱ्यावर ते सु. ६ मी. पर्यंत झेप घेते. संकटाची चाहूल लागताच पळण्याऐवजी खोडाला चिकटून निश्चल राहते. फळे, बिया, फुले, साल व पाने हा त्याचा आहार. काटक्या व पाने यांची गोलाकार घरटी ते बारीक फांद्यांच्या टोकांशी बांधते. जड भक्षकांना तेथे पोहोचणे कठीण जाते. एकच शेकरू अनेक घरटी बांधते. भीमाशंकर धरून दोन वनांतील अंजीरवर्गीय फळे आणि फळटंचाई यांचा शेकरूच्या आहाराशी असलेला संबंध रेनी बोर्जेस यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात तपासला.

ऑस्ट्रेलियातील कोआला हा शिशुधान प्राणी शेकरूच्या नात्यातील नाही. तथापि वृक्षांवरील परावलंबन दोहोंत समान आहे. निलगिरीच्या विषारी व निःसत्त्व पानांवर जगणाऱ्या कोआलाचे अंधांत्र फार लांब असून तो दिवसाचा बहुतेक वेळ झोपेत घालवितो. कातड्यांसाठी त्याची प्रचंड शिकार झाली. क्वीन्सलँडमध्ये ऑगस्ट १९२७ या एकाच महिन्यात पाच लाखांहून अधिक कोआला मारले गेले. २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स व राजधानी प्रदेश येथील कोआला संकटग्रस्त ठरविण्यात आले. त्या वेळेपर्यंत शिकार थांबून अनेक दशके लोटली होती. आता मुख्य धोका अधिवासनाशाचा होता.

शेकरूच्या बाबतीतही हाच धडा लागू पडतो. पुणे, ठाणे व रायगड जिल्ह्यांत पसरलेले भीमाशंकर अभयारण्य १९८५ मध्ये घोषित झाले. देवाच्या नावाने राखलेल्या देवरायांनी तेथील जुने वृक्ष टिकविले होते. मात्र अभयारण्याच्या सीमेबाहेरही वृक्षछत्र सलग राहणे आवश्यक असते. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड-बदलापूर टापूत बारवी धरणाचा जलाशय अंबरनाथ व उल्हासनगर परिसरास पाणी पुरवितो. असे जलाशय, रस्ते व वृक्षतोड यांमुळे वनांचे तुकडे पडतात. जमिनीवर क्वचितच उतरणाऱ्या प्राण्यास अशी फट ओलांडणे अवघड असते. म्हणून शिकारबंदीइतकेच सलग वृक्षराजीचे जतन महत्त्वाचे ठरते.