कॅस्ट्रा वसाहत : हिंदुस्थानातील निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांचा एक प्रयोग

हिंदुस्थानच्या नोकरीत उमेदीची वर्षे खर्ची घातल्यावर उरलेले आयुष्य कोठे कंठावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातील प्रत्येक इंग्रज अधिकाऱ्यापुढे केव्हा ना केव्हा उभा राहत असे. चेल्टनहॅम व बाथ ही शहरे अशा निवृत्तांच्या वस्तीसाठी प्रसिद्ध होती. परंतु मध्यम हुद्द्याच्या अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनात तेथे प्रतिष्ठेने राहणे आणि मुलांना मार्गाला लावणे जड जाई. अशा वर्गाला स्वस्त जमीन आणि थंड हवा यांचे आकर्षण वाटावे, हे स्वाभाविकच होते.

या आकर्षणाला निश्चित रूप दिले ते मुंबई लष्करातील अँड्र्यू क्रॉफर्ड या अधिकाऱ्याने. दक्षिण गोलार्धातील टास्मानिया बेट पाहून आल्यावर त्याने हिंदुस्थानातील लष्करी व मुलकी अधिकाऱ्यांना उद्देशून १८६५ मध्ये एक पत्ररूप पुस्तिका प्रसिद्ध केली आणि निवृत्तांनी एकत्र येऊन तेथे वसाहत करावी, असे सुचविले. त्या बेटालाही अशा माणसांची गरज होती. इंग्लंडमधून कैदी पाठविण्याची पद्धत १८५३ मध्ये बंद झाली होती. व्हॅन डीमेन्स लँड हे जुने नाव टाकून १८५६ पासून टास्मानिया हे नाव रूढ करण्यात आले होते. आणि तेथील अर्थव्यवहार मंदावले होते. नियमित वेतन घेऊन येणारे रहिवासी तेथील सरकारला हवेच होते. त्यानुसार उत्तर किनाऱ्यावरील उल्व्हरस्टोन या गावाच्या मागे, आतल्या बाजूस, सुमारे ५०,००० एकर जमीन राखून ठेवण्यात आली. या भागाचे नाव कॅस्ट्रा. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ 'लष्करी छावणी' असा होतो.

कागदावर योजना निर्दोष होती. जमीन सुपीक होती, हवा इंग्लंडसारखी होती आणि शेजारी एकाच सेवेतले असणार होते. मात्र दोन गोष्टींचा हिशेब कच्चा राहिला. पहिली गोष्ट रस्त्याची. कॅस्ट्राची भूमी प्रचंड वृक्षांच्या घनदाट, ओलसर अरण्याने व्यापलेली होती. पक्क्या वाटेवाचून तेथील पीक बंदरापर्यंत आणणे दुर्घट होते. दुसरी गोष्ट मजुरीची. पुणे किंवा अहमदनगर यांसारख्या छावणीत नोकरचाकरांचा लवाजमा बाळगणाऱ्या अधिकाऱ्याला टास्मानियात मजूर दुर्मिळ व महाग आढळले; पन्नाशी उलटल्यावर स्वतः कुऱ्हाड हाती घेण्याची तयारी थोड्यांचीच होती. क्रॉफर्ड स्वतः कॅस्ट्रात राहिला. परंतु आलेल्यांपैकी पुष्कळांनी समुद्रकाठचे उल्व्हरस्टोन व त्याचा परिसरच पसंत केला. छावणी ओस पडली आणि बाजारपेठ वाढली, असे या प्रयोगाचे थोडक्यात वर्णन करता येईल.

तथापि टास्मानियाला या निवृत्तांपासून काहीच लाभ झाला नाही, असे म्हणणे यथार्थ होणार नाही. अयोध्या प्रांतातील मुलकी सेवेतून निवृत्त झालेला एडवर्ड ब्रॅडन १८७८ मध्ये उत्तर किनाऱ्यावर लीथ येथे येऊन राहिला. त्याने 'स्टेट्समन' पत्राला लिहिलेल्या पत्रांतून तेथील जीवनाचे वर्णन हिंदुस्थानातील वाचकांपर्यंत पोहोचले. पुढे १८९४ ते १८९९ या काळात तो टास्मानियाचा मुख्यमंत्री होता. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेतील जकात-उत्पन्नाच्या वाटणीविषयीचे ८७ वे कलम त्याच्याच नावाने ओळखले जाते. थोडक्यात, विश्रांतीसाठी आलेल्या माणसाची शेती नव्हे, तर हिंदुस्थानात मिळविलेला कारभाराचा अनुभव त्या देशाच्या उपयोगी पडला.

या निवडीची किंमत कोणी दिली, हा प्रश्न मात्र क्रॉफर्डच्या हिशेबात नव्हता. या अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाचा भार हिंदुस्थानच्या महसुलावर पडत असे. परदेशी खर्च होणाऱ्या अशा रकमांमुळे देश निर्धन होत आहे, हा विचार दादाभाई नौरोजी यांनी १८६७ मध्येच लंडनमध्ये मांडला होता. ब्रॅडन लीथला स्थिरावत होता, त्याच सुमारास, म्हणजे १८७६ ते १८७८ या काळात, मुंबई इलाख्यातील दख्खनचे जिल्हे भीषण दुष्काळाने होरपळले होते. निवृत्ताच्या दृष्टीने जे वेतन अपुरे होते, ते रयतेच्या दृष्टीने परत न येणारे धन होते.

आणि ज्या भूमीला सरकारी दप्तर 'पडीक' म्हणत होते, ती तरी निर्मनुष्य कोठे होती? तेथील मूळ रहिवाशांपैकी हिंसाचारातून व रोगराईतून वाचलेल्या बहुतेकांना १८३० नंतरच्या दशकात फ्लिंडर्स बेटावर नेण्यात आले होते. त्यांचे वंशज आजही आपल्या भूमीवरील हक्क सांगत आहेत. कॅस्ट्राची मोकळी जमीन ही त्या निर्वासनानंतर मोकळी झालेली जमीन होती.

वार्धक्यासाठी देश निवडणारा मनुष्य हवा, जमिनीचा भाव आणि वेतनाची क्रयशक्ती यांचा विचार करतो. कॅस्ट्राचा इतिहास असे दाखवितो की, या तिन्ही गोष्टी अनुकूल असूनही बंदरापर्यंतचा रस्ता आणि कामाला हात मिळाले नाहीत, तर निवड फसते. आणि ती साधली, तरी तिचे मोल पुष्कळदा दुसऱ्यानेच चुकते केलेले असते.