सामासिक शब्दांतील अवयव व आघात, मराठी
एका उच्चारझटक्यात येणारा ध्वनिगट म्हणजे अवयव व लेखनात मोजले जाते ते अक्षर. मराठीत या दोहोंची संख्या नेहमी जुळत नाही. सामासिक शब्दांत ही तफावत विशेष ठळक होते. हिंगोली जिल्ह्यातील (स्थापना १९९९) सेनगाव हे नाव लेखनात चार अक्षरी, परंतु उच्चारात सेन्–गाव् असे द्व्यवयवी आहे. औंढा येथील नागनाथाचे नावही तसेच. दोन्ही पदांच्या अंती असलेला अकार लोपल्याने असे होते. जुन्या मराठीत हा अकार उच्चारला जाई, असे सामान्यतः मानतात.

पूर्वपदात याहून खोल बदलही आढळतात. ‘घोडा’ पासून घोडदळ, घोडदौड. ‘पाणी’ पासून पाणचक्की, पाणवठा. येथे अंत्य दीर्घ स्वर गळाला, असे वरवर दिसते. वस्तुतः ‘घोडा’ मधील आकार ‘घोटक’ सारख्या क-प्रत्ययान्त रूपातून आलेला असून समासात मूळचे आखूड रूपच टिकले, असे म्हणता येते. ‘पाणी’ (संस्कृत पानीय) या शब्दाला मात्र हे स्पष्टीकरण तसेच्या तसे लागू पडत नाही. अशा स्वरबदलांमागे आघात किती, हा जुना वाद आहे. रॅल्फ टर्नर यांनी १९१६ मध्ये मराठीत वैदिक स्वराघाताच्या खुणा शोधल्या. झ्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या घडणीवरील आपल्या फ्रेंच ग्रंथात (१९२०) अशा उपपत्तींविषयी साशंकता दाखविली. आजच्या मराठीतील आघात सौम्य असून अर्थभेदक नाही. नॉर्वेजियन भाषेत सामासिक शब्दाचा मुख्य आघात सामान्यतः पहिल्या पदावर ठळकपणे पडतो. मराठीत समासाची सांध कळते ती मुख्यत्वे अकारलोपाच्या जागेवरून.

पद्यात मात्र लोपलेला अकार परत येतो. परंपरेने नरसी (जि. हिंगोली) हे ज्यांचे जन्मस्थान मानले जाते, त्या नामदेवांचे (१२७०–१३५०) नावच घ्यावे : बोलताना नाम्–देव्, अभंगात ना–म–दे–व. ‘पंढरपूर’ बोलण्यात त्र्यवयवी, मोजणीत पाच अक्षरी. मोठ्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या चरणांत असे शब्द बोलीतील उच्चाराने वाचले, तर चरण लंगडा पडतो; टाळावर गाणारा वारकरी तो आपोआप सावरतो. माधवराव पटवर्धन यांनी छंदोरचना (१९२७, सुधारित आवृत्ती १९३७) या ग्रंथात अशा अक्षरसंख्याक रचनेला ‘छंद’ म्हणून वृत्ते व जाती यांपासून वेगळे काढले.

नामदेवांच्या अभंगांत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीच्या व इतरांच्या रचना मिसळलेल्या असल्याने पाठनिर्णयात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो. चरणात एखादे अक्षर कमी किंवा अधिक भरल्यास पाठ संशयास्पद मानता येतो. परंतु अकार पूर्ण मोजला आहे, एवढ्यावरून अभंग तेराव्या-चौदाव्या शतकातील ठरविणे धाडसाचे होय. कारण बोलीतून अकार गेल्यावरही गायकीने तो जपला आणि तुकारामांसह पुढील कवी त्याच मापाने रचना करीत राहिले.