कळलावी

कळलावी (शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा, कुल कॉल्चिकेसी) ही जमिनीतील कंदापासून दर पावसाळ्यात नव्याने फुटणारी वेल असून विदर्भातील झुडपी जंगलांत व शेतांच्या कुंपणांवर ती आपोआप वाढते. खड्यानाग व अग्निशिखा ही तिची आणखी नावे होत. वाशिम जिल्ह्यातील परसबागांत मुद्दाम लावलेली ती क्वचितच दिसते.

फूल येण्यापूर्वी तिची ओळख पानावरून पटते. कारले किंवा दोडका यांच्या वेलींवर प्रतान, म्हणजे आधाराला वेढा घालणारा दोऱ्यासारखा अवयव, खोडाच्या पेराशी फुटतो. कळलावीत पानाचे टोकच लांबून वळते व प्रतानाचे काम करते. जुलै ते सप्टेंबरमध्ये येणाऱ्या फुलाची 6 परिदले (पाकळ्यांसारखे भाग) नागमोडी कडांची व मागे वळलेली असून त्यांचा रंग हिरवट पिवळ्यापासून लालभडकपर्यंत पालटत जातो आणि किंजल (स्त्रीकेसराचा दांडा) बुंध्याशीच काटकोनात आडवा वळलेला असतो. ही खात्री लागवडीआधी करणे अत्यावश्यक आहे, कारण सर्वांगात, विशेषतः कंदात व बियांत, कॉल्चिसीन हे विष असते आणि रताळे समजून कंद खाल्ल्याने मृत्यू ओढवल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत. हेच द्रव्य अत्यल्प मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर औषध ठरते, म्हणून तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते.

वाशिमच्या काळ्या कसदार जमिनीत पावसाचे पाणी साचून कंद कुजतो, तेव्हा वाफा उंच करून मातीत मुरूम, वाळू व कुजलेले शेणखत मिसळावे. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या कंदाच्या टोकांशीच कोंब असल्याने टोक मोडलेला तुकडा निरुपयोगी ठरतो. जूनच्या पहिल्या पावसानंतर कंद आडवा ठेवून वर सुमारे 5 ते 8 सेंमी. माती लोटावी, आणि कोंब वर येताच काटक्यांचा आधार द्यावा, कारण आधार न मिळाल्यास वेल जमिनीवर लोळते. हिवाळ्यात वेल वाळल्यावर पाणी पूर्ण थांबवावे. जंगलातील कंद उपटून आणल्याने तेथील वेल कायमची नाहीशी होते. त्याऐवजी रोपवाटिकेतील कंद किंवा बी घेणे उचित होय, मात्र बियांपासून वाढवलेल्या वेलीला फुलण्यास काही वर्षे लागतात. कंद हाताळताना हातमोजे वापरावेत, आणि लहान मुले किंवा गुरे-शेळ्या मोकळी फिरतात अशा अंगणात ही वेल लावू नये.