खोक्यावरचे शब्द आणि आतली सुरी

इंग्लंडमध्ये राहत असाल, तर घरातल्या विळीबद्दल किंवा अडकित्त्याबद्दल तुम्हाला कोणी जाब विचारणार नाही. पण रस्त्यात पोलिसांनी अडवल्यावर ‘स्वसंरक्षणासाठी सुरी जवळ ठेवली आहे’ असे सांगितलेत, तर सुटका होण्याऐवजी अडकालच. १९५३ च्या कायद्याने इजा करण्याच्या हेतूने बाहेर बाळगलेली कोणतीही वस्तू हत्यार ठरते, आणि तो हेतू तुम्ही स्वतःच सांगून बसता. धोका अगदी समोर उभा असेल तरच न्यायालय सबब ऐकते. ‘वस्ती वाईट आहे’ एवढे पुरत नाही.

१९५९ मध्ये बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंची विक्री बंद झाली. १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या, न अडकणाऱ्या घडीच्या चाकूला मोकळीक दिली; बाकी पात्यांना सबळ कारण हवे. काम, धर्म (शिखांची कृपाण) आणि राष्ट्रीय पोशाख ही कारणे कायद्यातच आहेत. त्याच वर्षीच्या बंदी यादीत हाताला बांधायची अणकुचीदार नखेही होती. ती वाचताना मराठी माणसाला प्रतापगड आठवणारच! शंभर वर्षांहून जुन्या वस्तू मात्र वगळल्या होत्या.

डिसेंबर १९९५ मध्ये फिलिप लॉरेन्स हे मुख्याध्यापक लंडनमधल्या आपल्या शाळेबाहेर एका विद्यार्थ्याला वाचवताना भोसकले गेले. देश हादरला. पुढच्याच वर्षी सोळा वर्षांखालच्यांना सुऱ्या विकण्यावर बंदी आली (नंतर ती मर्यादा अठरा झाली), आणि १९९७ च्या नाइव्ह्‌ज अ‍ॅक्टने थेट दुकानदाराच्या जिभेवर बोट ठेवले. सुरी लढाईला योग्य आहे असे नावातून, खोक्यावरून किंवा जाहिरातीतून सुचवणे हाच गुन्हा. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. म्हणजे ‘भाजी चिरायला उत्तम’ म्हणून विकलेली सुरी कायदेशीर, आणि हल्लेखोराला लोळवण्याचे वचन देऊन विकलेली तीच सुरी बेकायदा. मला हा कायदा शहाणपणाचा वाटतो. भीती विकणारा माणूस त्यात प्रथमच जबाबदार धरला गेला.

पण विक्रेतेही काही कमी नाहीत. २०१६ मध्ये ‘झॉम्बी’ सुऱ्यांवर बंदी आली, तेव्हा व्याख्येत करवतीसारख्या धारेबरोबरच हिंसा सुचवणारे शब्द किंवा चित्रे असणे ही अटही होती. शब्द पुसले, पाते तसेच ठेवले, की माल पुन्हा विकायला मोकळा. अखेर २४ सप्टेंबर २०२४ पासून नवी व्याख्या आली. तिच्यात शब्दांची अट नाही. आठ इंचांहून लांब पाते, टोक आणि धारेची ठेवण एवढेच पाहिले जाते.