ओझरच्या विमानांवर समुद्राचं कवच

नाशिकहून समुद्राकडे जायचं तर मध्ये अख्खा सह्याद्री आडवा. तरी आजची गोष्ट खाऱ्या पाण्याची आहे.

ओझरच्या एचएएल कारखान्यात १९६०च्या दशकात मिग-२१ची बांधणी सुरू झाली. अशा विमानांचा सांगाडा मुख्यतः अ‍ॅल्युमिनिअमच्या मिश्रधातूंचा. त्यांना जपण्याचा एक हुकमी उपाय म्हणजे अ‍ॅनोडायझिंग. अंबड-सातपूरच्या एमआयडीसीत काम करणाऱ्यांना हा शब्द नवा नाही. पण ही युक्ती जन्माला आली ती समुद्रामुळे.

झालं असं, की १९०६मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्मला ड्युरॅल्युमिन सापडलं. अ‍ॅल्युमिनिअममध्ये साधारण ४ टक्के तांबं. हलकं आणि दणकट! पण त्या तांब्यामुळेच खारं पाणी त्याला खाऊ लागलं. पाण्यावर उतरणाऱ्या विमानांना हे परवडणारं नव्हतं. मग १९२३मध्ये इंग्लंडमध्ये बेंगॉफ आणि स्टुअर्ट यांनी पद्धत काढली: भाग क्रोमिक आम्लाच्या टाकीत बुडवायचा आणि त्यातून वीज सोडायची. अ‍ॅल्युमिनिअमवर हवेत आपोआप बनणारा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचा असतो. टाकीतून निघाला की काही मायक्रॉनचा, म्हणजे जवळपास हजारपट.

तरी मीठ हार मानत नाही. थरात कमजोर जागा मिळाली की तिथेच भोक पाडतं. वरून टाचणीच्या टोकाएवढं, आत खोल. पाण्याखालच्या कॅमेऱ्याच्या डबीला असं एक भोक पुरतं. त्यात स्टेनलेसचा स्क्रू थेट बसवला, तर दोन धातू आणि खारं पाणी मिळून चक्क बॅटरी तयार होते. झिजतं मात्र अ‍ॅल्युमिनिअम!

यावर उपाय म्हणजे जस्ताचा तुकडा जोडायचा, म्हणजे आधी तो झिजतो. ही कल्पना हम्फ्री डेव्हीची, १८२४ची. ब्रिटिश जहाजांचं तांबं त्याने असंच वाचवलं. गंमत म्हणजे तांबं विरघळायचं थांबलं, तसे त्यावर शेवाळ आणि शिंपले चिकटले, आणि जहाजं मंदावली.

थर टिकेल का, हे बघायला बंद पेटीत ३५ अंशांवर ५ टक्के मिठाच्या पाण्याचं धुकं सोडतात. १९३९पासून अमेरिकेत या चाचणीचं प्रमाण ठरलेलं आहे. पण ‘५०० तास पास’ लिहिलं म्हणून समुद्रात इतकी वर्षं टिकेल, असा हिशोब मांडू नका. पेटीत ना प्रवाह, ना शिंपले.

आपल्याकडे नौदलासाठी असं संशोधन अंबरनाथच्या एनएमआरएलमध्ये चालतं. ही प्रयोगशाळा १९५३मध्ये नौदलाने सुरू केली, आता ती डीआरडीओची आहे. खरी परीक्षा मात्र संथ असते. धातूच्या पट्ट्या समुद्रात टांगायच्या, महिनोन्‌महिने थांबायचं, मग शिंपले खरवडून भोकांची खोली मोजायची.